वृक्षछाटणी व उद्यान देखभाल व्यवसायासाठी मालवाहू वाहनाची निवड

वसाहती, शाळा व बागांमधील झाडांची छाटणी हा ग्रामीण युवकांसाठी उपयुक्त पूरक व्यवसाय आहे. त्यातील मोठी गुंतवणूक वाहनात होते; म्हणून किमतीआधी वजनाचा हिशेब करावा.

ओल्या लाकडाचे वजन : 50 सें.मी. व्यास व 1 मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे 0.2 घनमीटर असते. ताज्या लाकडाचे वजन दर घनमीटरला 1,000 किलो धरल्यास एकच ओंडका 200 किलोचा होतो.

भारक्षमता : नोंदणी पुस्तकातील एकूण वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करावे. उदा., 2,800 − 1,500 = 1,300 किलो. त्यातून चालक, मजूर, साखळी करवती, दोर व शिड्या यांचे 350 किलो वजा केल्यास 950 किलो उरतात, म्हणजे चारच ओंडके. पाचवा ओंडका ब्रेक व टायरवर ताण आणतो. उतारावर तो जिवावर बेतू शकतो.

हौदा : फांद्या हलक्या, परंतु जागा व्यापणाऱ्या असतात. उंच जाळीच्या बाजू असलेला हौदा निवडावा व फांद्यांचे तुकडे करूनच भराव्यात. मजुरांना भारावर बसवू नये.

कायदेशीर बाबी : मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार 3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनास परमिट लागत नाही. मात्र वृक्षतोड व लाकूड वाहतुकीचे नियम राज्यनिहाय भिन्न असल्याने वनविभागाकडे आधी चौकशी करावी.