जैतूनबागेचा विसावा

वाचन : निर्गम २३:१०-११, अनुवाद २४:२०

सातव्या वर्षाचा विसावा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडीक ठेवलेले धान्याचे शेत येते. परंतु या नियमात जैतूनबागेचाही स्पष्ट उल्लेख आहे. शेत पेरले नाही की पडीक राहते. जैतून मात्र न पेरताही फळ देते. मग त्या बागेला विसावा देणे म्हणजे काय?

येथील मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ ‘हातातून सोडून देणे’ असा आहे. त्याच धातूपासून अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील कर्जमाफीचा शब्द आला आहे. जमीन सोडणे व ऋणको सोडणे, दोन्हींसाठी एकच धातू! मालकाने मूठ उघडायची, म्हणजे गरिबांना खाता येईल आणि उरलेले वनपशूंना मिळेल. इतर वर्षीही फांद्या दुसऱ्यांदा झोडपायच्या नाहीत. राहिलेले फळ उपरी, अनाथ व विधवा यांचे आहे.

आजचे एक उदाहरण पाहा. दक्षिण स्पेनमधील हाएन प्रांतात जैतुनाची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. झाडांखाली गवताचे पातेही उरू नये म्हणून अनेक बागांत वर्षानुवर्षे नांगरट झाली, तणनाशके फवारली गेली. उघड्या उतारांवरील सुपीक माती पावसाबरोबर वाहून गेली. आता काही शेतकरी ओळींमधील गवत राहू देतात. त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी मुरते. वसंतात ते गवत झाडाच्या वाट्याचा ओलावा शोषू लागण्यापूर्वी कापतात किंवा मेंढ्यांना चारतात. छाटलेल्या फांद्या न जाळता बारीक करून जमिनीवर पसरतात. फळमाशीसाठी सरसकट फवारणी न करता आधी सापळे लावून तिचे प्रमाण पाहतात.

ही हयगय नव्हे. छाटणी चुकत नाही, देखरेख वाढते, आणि कधी उत्पन्नही घटते. मोशेचा नियम शेतीशास्त्राचा धडा म्हणून दिलेला नव्हता, हे खरे. तरीही दोन्हीकडे एकच सत्य दिसते : जमिनीतून काढता येईल ते सर्व काढणे हा आपला हक्क नव्हे. लेवीय २५:२३ प्रमाणे भूमी परमेश्वराची आहे. आपण तिच्यावर पाहुणे आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची जैतूनबाग नाही. परंतु कोणाचे शेत आहे, कोणाचे दुकान, कोणाच्या हाताखाली माणसे राबतात. या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी स्वतःस विचारा : मी दुसऱ्यांदा झोडपत असलेली फांदी कोणती? आणि तिच्यावरचे फळ खरे पाहता कोणाचे आहे?