इंजिनाचे वजन आणि गाडीचा दम

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या नारायणगाव-आळेफाटा भागात कोणत्याही गॅरेजसमोर घटकाभर उभे राहिले की एक वाक्य हमखास कानी पडते : “इंजिन जड, तेवढा गाडीला दम.” लहानपणापासून मी हे वाक्य ऐकत आलो. माझे वडील गेली वीस वर्षे मालाची गाडी चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही कला शाखेचा. तेव्हा यंत्रांविषयी लिहिण्याचा तुझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की या एका वाक्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात आपल्या रस्त्यांवर फार्गो, डॉज, बेडफर्ड असे पेट्रोलवर चालणारे ट्रक सर्रास दिसत. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवण्यास सुरुवात केली. डिझेलची काटकसर लोकांना पटली. मग जुन्या गाडीतले पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसवण्याची चाल पडली. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे पी-६ इंजिन अशा अदलाबदलीसाठी देशोदेशी वापरले गेले. आपल्याकडे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने बनवली.

डिझेल इंजिन जड का, याचे उत्तर सोपे आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण सात-आठ पट दाबले जाई आणि ठिणगीने पेटे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा सोळा ते वीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड हवा, क्रँक भक्कम हवा. म्हणजे वजन ही ताकद नव्हे. ते दाब सोसण्यासाठी घातलेले लोखंड आहे. आज टर्बोचार्जरच्या जोरावर लहान इंजिन जुन्या मोठ्या इंजिनाहून अधिक अश्वशक्ती देते, ते यामुळेच. ‘जड म्हणजे दमदार’ हे वाक्य येथेच अर्धे खोटे ठरते.

आता उरलेल्या अर्ध्याचा हिशेब करू. आमच्या गाडीत चार वर्षांपूर्वी मूळचे इंजिन काढून भंगारातून आणलेले मोठे इंजिन बसवले होते. आर. सी. बुकात रिकाम्या गाडीचे वजन २८०० किलो. भुईकाट्यावर भरले २९५० किलो. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स व नवे आधार मिळून १५० किलोंची भर. माळशेजसारख्या घाटात चढ सरासरी वीसास एक धरला, तर ६००० किलोंची भरलेली गाडी चढताना तिला सुमारे ३०० किलोंची ओढ मागे खेचते. जादा १५० किलोंमुळे ही ओढ वाढते साडेसात किलोंनी, म्हणजे शेकडा अडीच. उलट अश्वशक्ती ८० ची १०० झाली, तर ताकद शेकडा पंचवीस वाढते. त्यामुळे गाडी चढाला पळू लागली हे वडिलांचे म्हणणे खरेच होते. चढाला वजन नडत नाही. मग नडते कोठे?

शेतकऱ्याच्या मुलाला हे बैलगाडीवरून चटकन समजेल. ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे सरकले की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. किती ओझे, याइतकेच ते कोठे, याला महत्त्व आहे. आमचे नवे इंजिन लांबीला जास्त, म्हणून जादा भाराचा मध्य पुढच्या आसाच्याही ४० सेंटीमीटर पुढे गेला. दोन आसांतले अंतर ३.३ मीटर. तरफेच्या नियमाने १५० ला ३.७ ने गुणून ३.३ ने भागले की १६८ येतात. म्हणजे वाढ १५० किलोंची, पण पुढच्या आसावर भार १६८ किलोंचा. मागचा आस १८ किलोंनी हलका. हा भार दिवसरात्र, रिकाम्या गाडीतही, त्याच कमानींवर, त्याच किंगपिनवर. स्टेअरिंग जड झाले, पुढचे टायर लवकर झिजू लागले. मिस्त्रींनी कमानीत एक पाटा वाढवला. पण आस, ब्रेक आणि क्लच जुनेच राहिले. जादा जोर क्लच प्लेटला सोसेना, वर्षात दोन प्लेटा गेल्या.

दुसरा तोटा मालाचा. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा नोंदणीत ठरलेली असते. इंजिन वाढले म्हणून ती वाढत नाही. टोमॅटोचा क्रेट २० किलोंचा धरला, तर १५० किलो म्हणजे फेरीला साडेसात क्रेट कमी. दोनशे फेऱ्यांत दीड हजार क्रेटचे भाडे! ते सोडवत नाही, म्हणून मग गाडी जादा भरली जाते.

गेल्या पावसाळ्यात वाशीला टोमॅटो घेऊन जाताना माळशेजच्या उतारावर पुढच्या कमानीचा मुख्य पाटा तुटला. गाडी डोंगराकडच्या गटारात गेली म्हणून वडील वाचले. मनगट मोडले, माल गेला. विमा कंपनीच्या माणसाने इंजिनाचा नंबर बुकाशी ताडून पाहिला आणि दावा नाकारला. रागावण्यात अर्थ नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे, की मूळ नोंदीशी विसंगत बदल मालकाने आपल्या मर्जीने करू नये. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते. त्या वर्षी माझी फी आईने डोरले गहाण ठेवून भरली.

दिवाळीत गाडी पुन्हा उभी करायची वेळ आली. मंचरच्या एका ओळखीच्या माणसाने आणखी मोठे इंजिन स्वस्तात देऊ केले. मी वरचा हिशेब वहीच्या पानावर मांडून वडिलांपुढे ठेवला. त्यांना वाचायला वेळ लागतो. बराच वेळ पान हातात धरून ते म्हणाले, “आरं, ही मानेवरच्या ओझ्याची गोष्ट व्हय? मग आधी का नाही सांगितलीस?” मूळ जातीचेच इंजिन दुरुस्त करून बसले, त्याची रीतसर नोंदही झाली. गाडी आता चढाला पूर्वीइतकी पळत नाही. आळेफाट्याहून वाशीला पोचायला थोडा उशीर होतो, एवढेच.

जुन्नर-आंबेगावातल्या किती तरी विद्यार्थ्यांच्या घरी गाडी आहे. कोणाची ओतूरचा कांदा वाहते, कोणाची सातगाव पठारावरचा बटाटा. त्यांना माझी एकच विनंती. इंजिन बदलण्याचा विचार घरात निघाला, तर आधी रिकामी गाडी भुईकाट्यावर न्या. एकदा पूर्ण तोला, एकदा फक्त पुढची चाके तोला, आणि दोन्ही पावत्या आर. सी. बुकाशेजारी ठेवून वडिलांना वाचून दाखवा.