शिकता शिकता शिकविणारी

नांदुऱ्याच्या रेल्वे स्थानकात गाडी धडधडत शिरली की बहुतेक मुले आनंदाने हात हालवितात. एखादे मूल मात्र दोन्ही कान घट्ट दाबून धरते, किंचाळते आणि आईच्या मागे दडते. पाहणारे म्हणतात, "किती हट्टी मूल हे!" पण तो हट्टच असेल असे नाही. काही मुलांना आवाज, उजेड आणि स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात. मनातले बोलून दाखविणे त्यांना कठीण जाते. रोजचा क्रम मोडला की ती गोंधळून जातात. या अवस्थेला 'स्वमग्नता' असे म्हणतात.

१९४३ साली अमेरिकेत डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे काही विद्वान असे मानीत की, आईची माया कमी पडल्यामुळे मूल स्वमग्न होते. हा समज खोटा ठरला. परंतु तोपर्यंत अनेक निरपराध मातांना दोष सोसावा लागला. अपुऱ्या ज्ञानाने केवढे दुःख ओढवते, ते यावरून दिसते.

त्या काळी इंग्लंडातही अशा मुलांना शिक्षण देता येत नाही, असेच पुष्कळांना वाटे. तेथे सिबिल एल्गर नावाच्या एक बाई राहत. त्यांचा जन्म १९१४ सालचा. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी शिक्षिका होण्याचे ठरविले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी ज्या माँटेसरी पद्धतीपासून बालशिक्षणाची प्रेरणा घेतली, त्याच पद्धतीचा अभ्यास एल्गरबाई टपालाने धडे मागवून करीत होत्या. १९५८ च्या सुमारास, अभ्यास चालू असतानाच, लंडनमधील एका रुग्णालयात त्यांनी स्वमग्न मुले पाहिली. त्या मुलांची हेळसांड पाहून त्यांचे मन व्यथित झाले.

परंतु नुसते हळहळून त्या थांबल्या नाहीत. १९६२ साली आपल्या घराच्या तळघरात त्यांनी लहानशी शाळा काढली. बोलणे मोजके, सूचना स्पष्ट आणि दिवसाचा क्रम ठरलेला, अशी तेथील शिस्त होती. त्याच वर्षी स्वमग्न मुलांच्या पालकांनी एक संस्था स्थापन केली. त्या संस्थेने १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात शाळा उघडली आणि एल्गरबाईंनी ती नावारूपास आणली. विद्यार्थी मोठे झाले, तेव्हा त्यांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९७४ साली सॉमरसेट परगण्यात प्रौढ स्वमग्नांसाठी निवासस्थान उभारून त्यांनी त्यालाही उत्तर दिले. २००७ साली त्या निवर्तल्या.

ग्रंथांतून त्यांना पद्धत समजली. पण कोणत्या मुलाला कशाची भीती वाटते, हे ग्रंथात लिहिलेले नसते. ते त्या मुलाजवळ बसूनच कळते. म्हणून अशा शिक्षकाचे अध्ययन आणि अध्यापन ही एकाच गाडीची दोन चाके होत.

आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्थान दिले आहे. विशेष शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात पुस्तकी अभ्यासाबरोबर मुलांसमवेत प्रत्यक्ष कामही असते. नांदुऱ्यासारख्या गावातील तरुण-तरुणींनाही ही वाट मोकळी आहे.

तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असू शकेल. तो नजरेला नजर देत नाही म्हणून त्याला गर्विष्ठ समजू नका. त्याच्याशी हळू बोला आणि उत्तराची वाट पाहा. त्याला समजून घेण्याचा अभ्यास आजच सुरू करता येईल. त्यासाठी मोठे होण्याची वाट पाहावयास नको.

स्वाध्याय
१. गाडी येताच कान झाकणाऱ्या मुलाला हट्टी म्हणणे अयोग्य का?
२. अपुऱ्या ज्ञानामुळे मातांवर कोणता अन्याय झाला?
३. 'अध्ययन आणि अध्यापन ही एकाच गाडीची दोन चाके होत', हे वाक्य एल्गरबाईंच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करा.