ब्लफ कुणापुढे करावा?

प्रश्न : सुटीत आम्ही आते-मामे भावंडं चिंचोके लावून पोकर खेळतो. त्यातलं गणित मी नीट शिकून घेतलंय. तरी ज्याला फ्लश म्हणजे काय हे अजून विचारावं लागतं, तो मामेभाऊ माझा प्रत्येक ब्लफ पकडतो. त्याला माझा चेहरा वाचता येतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चेहऱ्याची काळजी सोडा. मामेभावाने तुमच्याकडे बहुधा पाहिलेलंही नसतं. तो स्वतःच्या पत्त्यांत गुंग असतो आणि हातात एखादी जोडी असली की शेवटपर्यंत येतो. तो ब्लफ पकडत नाही, त्याला पत्ते टाकवत नाहीत, एवढंच.

ब्लफचा हिशेब बघा. पॉटमध्ये 100 चिंचोके आहेत आणि तुम्ही काहीच पान लागलेलं नसताना 100 लावले. समोरच्याने पत्ते टाकले तर 100 मिळाले, कॉल केला तर 100 गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा त्याने माघार घेतली तरच हा उद्योग परवडतो. 50 लावले तर तीनातून एकदा घेतली तरी बरोबरी होते. जो कधीच माघार घेत नाही, त्याच्यापुढे कितीही लावा, तोटाच. त्यातून तुमचे चिंचोके! ते गेल्याचं दुःख कुणाला होणार? ब्लफ चालतो तो हरण्याच्या भीतीवर.

आता एकच डाव तीन माणसांपुढे मांडू. पटावर राजा, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री आहे, फ्लश शक्य नाही. तुमच्या हातात राजा-गुलाम. म्हणजे राजांची जोडी.

समोर मामेभाऊ असेल तर बिनधास्त मोठी रक्कम लावा. नव्वीच्या जोडीवरही तो कॉल करेल.

समोर जपून खेळणारी मावशी असेल, तर मोठ्या रकमेने तोटा होतो. तुमच्यापेक्षा हलके पत्ते ती टाकून देईल आणि सरस असले तरच थांबेल. तिच्याकडून थोडकंच मागा आणि तिने उलट रेझ केलं तर राजे निमूट खाली ठेवा. ब्लफ करायचाच तर या मावशीपुढे.

तिसरा दर डावाला आरडाओरडा करत रेझ करणारा. त्याच्यापुढे चेक करा, त्याला लावू द्या आणि मग शांतपणे कॉल करा. जमल्यास त्याच्या डावीकडे बसा. पाळी डावीकडे सरकते, त्यामुळे बहुतेक वेळा तो काय करतोय ते आधी कळतं. माझ्या मते निम्मी हुशारी या खुर्चीतच आहे.

मग ‘सगळ्यांपुढे चालेल असा एकच उत्तम डाव’ नसतोच का? दोघांच्या खेळात जवळजवळ असतो. 2017 साली पिट्सबर्गच्या कॅसिनोत ‘लिब्रेटस’ या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं. ते यंत्र कुणाचा स्वभाव हेरत नव्हतं, स्वतःत खोट राहू नये एवढंच पाहत होतं. पण असा खेळ समोरच्याच्या चुकांचा पुरेपूर फायदा उठवत नाही. दगड-कागद-कात्रीत समोरचा दरवेळी दगडच काढत असेल, तर तिन्ही आळीपाळीने काढणारा हरत नाही, पण कमावतही नाही.

माणूस ओळखण्याची घाई मात्र करू नका. पहिल्या दोन पानांत जोडी साधारण 17 डावांतून एकदा येते. एखाद्याला तासाभरात ती चार-पाचदा आली, तर सभ्य माणूसही उधळ्या वाटतो. काळ्या चष्म्यापेक्षा शेवटी उघडलेले पत्ते बघा. कोणत्या पानांवर तो किती लावून बसला होता, ते तिथे दिसतं.

आणि मामेभावही शिकेल. राजांच्या जोडीपुढे दोन-तीन मोठे पॉट गेले की तो नव्वी टाकायला लागेल. त्याने सलग तीन-चार वेळा पत्ते टाकलेले दिसले, की तुमचा ब्लफ पुन्हा बाहेर काढा.