फुकटातल्यात आहे, विकतच्यात का नाही?

चिडू नकोस, पण आउटलुकचे वर्षाचे पैसे भरण्याआधी मला एक फोन केला असतास तर बरं झालं असतं. आता भरलेच आहेस, तर नीट ऐक. तुझ्या डोमेनवाल्यानं दिलेलं कॅलेंडर त्यात जोडता येईना, यात तुझं काही चुकलेलं नाही. ते कॅलेंडर कॅलडॅव्ह नावाच्या खुल्या पद्धतीवर चालतं आणि आउटलुकमध्ये तसं खातं जोडायची सोयच दिलेली नाही. एक पैसाही न मागणाऱ्या थंडरबर्ड या मेल-सॉफ्टवेअरमध्ये मात्र पत्ता आणि पासवर्ड टाकला की काम झालं. जुन्या आउटलुकसाठी हे करून देणारं एक जोड-सॉफ्टवेअर आहे म्हणा, कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर. तेही फुकटच! म्हणजे विकतच्या वस्तूला फुकटाचं ठिगळ.

तू म्हणतेस, पैसे घेतात मग एवढंही देता येत नाही का? अगं, देता येतं. पण त्यांचं खरं गिऱ्हाईक तू नव्हेसच. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजी कोणती करायची हे जेवणारा ठरवत नाही, कंत्राट देणारा ठरवतो. हजार खुर्च्यांच्या ऑफिसला काय हवं? मीटिंगच्या खोल्यांचं बुकिंग, एकमेकांची कॅलेंडरं बघणं, सगळ्यांच्या खात्यांवर एका जागेवरून नियंत्रण. त्यात आउटलुकचा हात कुणी धरणार नाही, हे मी मोकळेपणानं सांगते. पण तुझ्या ऑफिसात तू आणि तुझी एक असिस्टंट. खोली बुक करायची तर कुणाकडून?

आउटलुकमधलं ते ‘पाठवलेलं मेल परत घ्या’ बघूनही हुरळू नकोस. ते एकाच संस्थेतल्या मेलबॉक्सांपुरतं चालतं. जीमेलवाल्या क्लायंटला चुकीचा ताळेबंद गेला, की गेला. जीमेलचं ‘अनडू’ही काही जादू नाही, ते जास्तीत जास्त 30 सेकंद मेल दाबून धरतं, एवढंच. पण तेवढ्यानंच आपली अब्रू किती वेळा वाचते!

मला जास्त खटकतं ते वेगळंच. विंडोजवरच्या नव्या आउटलुकला दुसरीकडचं आयमॅप खातं जोडलं, की ते मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये सिंक होतं. ते लपवत नाहीत, जोडताना खिडकीत विचारतात. पण आपण ‘पुढे’ दाबायच्या घाईत असतो. तुझ्याकडे लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, पगाराचे कागद. थंडरबर्ड तुझ्या मेल सर्व्हरशी थेट बोलतं, मध्ये तिसरा कुणी नसतो. मेल कुलूपबंद करणारी ओपनपीजीपीची सोयही त्यात 2020 पासून आतच आहे. तुला ती बहुतेक लागायची नाही, पण आहे.

थंडरबर्ड काही फार गुणाचं बाळ आहे असंही नाही हं. 2004 पासूनचं सॉफ्टवेअर, आणि बरीच वर्षं ते तसंच दिसायचं. 2023 च्या सुपरनोव्हा आवृत्तीनंतर जरा बघण्यासारखं झालंय. फोल्डर फार फुगला की रेंगाळतं. आणि रात्री अडलीस तर फोन करायला नंबर नाही. ते देणग्यांवर चालतं. उत्तर शोधायचं तर आपलं आपण.

तर आता असं कर. दोन्ही ठेव. आयमॅपवर मेल सर्व्हरवरच राहतं, त्यामुळे एकच खातं दोन्हीकडे जोडलं तरी काही बिघडत नाही. महिनाभर बघ, हात आपसूक कुठे जातो. पुढच्या वर्षीचं आपोआप नूतनीकरण मात्र आजच बंद कर, दिलेले पैसे वर्षभर चालतीलच.

आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपवरची ती आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल, तिचं आधी बघ. थंडरबर्डला ती थेट वाचता येत नाही. आत घ्यायची तर त्याच मशीनवर जुनं, क्लासिक आउटलुक असावं लागतं. नवं चालत नाही. म्हणून लॅपटॉप विकायच्या आधी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घे आणि क्लासिक काढून टाकू नकोस. भावोजींना सांग, ‘साफसफाई’ करायला हात लावू नका म्हणून. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, तेव्हा व्हिडिओ कॉलवर बसू आणि एकेक फोल्डर हलवू.