एबी फॉर्मच्या भरवशावर राहू नका

३० डिसेंबर २०२५, दुपारचे पावणेतीन. पुण्यातल्या महापालिका निवडणूक कार्यालयाच्या फाटकाशी मी भरलेला अर्ज, शपथपत्र, दाखले घेऊन उभी. तीनला मुदत संपणार. आमच्या पक्षाचे पदाधिकारी सकाळपासून सांगत होते, "ताई, एबी फॉर्म निघालाय, पोचतोच आहे." म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद. मग त्यांची गाडी आली. माझ्याकडे न बघता ते आत गेले. मागोमाग उतरलेल्या बाईंच्या हातात लिफाफा होता. आठवड्यापूर्वी त्या दुसऱ्या पक्षात होत्या. लिफाफा दिसला आणि माझे पायच गळाले.

मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते. त्या काळात ड्रेनेज तुंबलं की वस्तीतल्या बायका माझं दार वाजवायच्या. क्षेत्रीय कार्यालयाचे हेलपाटे मी घातले. कुणीही नाकारून दाखवावं.

मी अपक्ष अर्ज भरून ठेवणार होते. पदाधिकाऱ्यांनीच अडवलं. "वर वाटेल, ताईंचा पक्षावर विश्वास नाही." माझ्या बंडखोरीची वाट त्यांनी आधीच बंद करून ठेवली, हे फाटकाशी कळलं. "महापौरपद महिलेला सुटलं तर तुमचंच नाव," असंही म्हणाले होते. त्या आरक्षणाची सोडत निघाली २२ जानेवारीला, निकालानंतर सहा दिवसांनी!

म्हणून सांगते. अर्ज २३ डिसेंबरपासून घेत होते. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांतच अपक्ष अर्ज भरून टाका. नको झाला तर माघारीची मुदत असते, या निवडणुकीत ती २ जानेवारी होती. एबी फॉर्म शाईच्या सहीचा, मूळच लागतो; झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचंही नाव असतं, तेव्हा आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते स्वतः वाचा. मालमत्ता कर वेळेवर भरा. घरच्यांना विश्वासात घ्या. उमेदवारी हातात येण्याआधी दागिने गहाण ठेवू नका. मी ठेवले, अजून सोडवायचे आहेत.

दोन दिवसांनी तेच पदाधिकारी दारात. "प्रचाराला या, स्वीकृत नगरसेवक करू." त्या जागा शहरभरात मोजक्याच, आणि आमच्या एका प्रभागात तिघांना हाच शब्द दिलेला.

मी प्रचाराला गेले नाही. पुढच्या खेपेला ज्या बायका उभ्या राहणार आहेत, त्यांनी अर्ज कधी भरायचा हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नये.