परदेशातील अखेरचा महिना

प्रश्न : माझा मुलगा लंडनमधील पदव्युत्तर शिक्षण संपवून पुढील महिन्यात परत येत आहे. निघण्यापूर्वी त्याने कशाची तजवीज करावी?
– एक माता, कन्नमवार नगर, विक्रोळी

उत्तर : शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून स्वदेशी परतावे लागले, तेव्हा त्यांनी परिश्रमाने जमविलेला ग्रंथसंग्रह ज्या निराळ्या बोटीने रवाना झाला, ती जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. परंतु चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच मिळविली असल्यामुळे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. म्हणून चिरंजीवांनी गुणपत्रके व शिफारसपत्रे मोठ्या सामानात न घालता हाती बाळगावीत, आणि पदवीदान समारंभास अवकाश असल्यास अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा दाखला विद्यापीठाच्या दफ्तरातून शिक्क्यानिशी घ्यावा. विद्यापीठाचे ईमेल खाते कालांतराने बंद होते. त्यातील पत्रव्यवहार आताच उतरवून घ्यावा. खोलीचा ताबा सोडताना तिची छायाचित्रे काढावीत, कारण अनामत रकमेचा तंटा पुराव्यावरच मिटतो, आणि ती रक्कम जमा होईपर्यंत तेथील बँकखाते मुळीच बंद करू नये.

तथापि हे सर्व दिवस कागदपत्रांतच खर्ची पडावेत, हे मला मान्य नाही. गुरुजनांची व सहाध्यायांची प्रत्यक्ष भेट घेण्यास त्याला निवांत सवड हवी. आपणही या महिन्यात त्याच्याकडे नोकरीची दररोज पृच्छा करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.